दिवाबत्तीचा रकाना

‘दिवाबत्ती’ हा शब्द मराठी घरात तिन्हीसांजेचा. तोच शब्द ग्रामपंचायतीच्या ‘नमुना ८’ या कर आकारणी नोंदवहीत घरपट्टी आणि आरोग्य कराच्या शेजारी एका रकान्यात बसलेला दिसतो. देवघरातून तो दफ्तरात कसा गेला, हा प्रश्न वरवर भाषेचा वाटतो. वस्तुतः तो उजेड कोणाचा, याचा आहे.

बलुतेदारीच्या काळात रात्रीचा उजेड वाटेला नव्हे, माणसाला मिळे. पाटलापुढे किंवा मुक्कामाला आलेल्या अंमलदारापुढे मशाल चाले. अनेक गावांत ती धरण्याचे काम न्हाव्याकडे असे. मशाल पुढे सरकली की वाट पुन्हा काळोखी. कोणी चालत असो वा नसो, रस्त्यालाच उजेड असावा, ही कल्पना शहरातली. मुंबईत १८६५ साली रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. खेड्याला मात्र जवळजवळ शतकभर थांबावे लागले. १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमाने गावची दिवाबत्ती पंचायतीच्या कामांत घातली आणि तिच्यासाठी कर घेण्याची मुभा दिली.

हा कर तुटपुंजाच राहिला. विजेच्या बिलांचा भार बरीच वर्षे शासनाच्या अनुदानातून जिल्हा परिषदेमार्फत उचलला जाई. गावकरी एका रकान्यात पैसे भरत होते, दिवा दुसऱ्याच पैशावर जळत होता, आणि या सोयीस्कर गोंधळाबद्दल कोणाची तक्रार नव्हती. २०२१ साली महावितरणने थकबाकीपोटी अनेक गावांच्या पथदिव्यांची वीज तोडली, तेव्हा हिशेब उघडा पडला. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून बिले भरा, असे शासनाने सांगितले. हा निधी विकासकामांसाठी आहे, असे सरपंचांचे म्हणणे पडले. रस्त्यावरचा दिवा विकासात मोडत नाही, हे ऐकून १९५८ च्या कायदेकर्त्यांना नवल वाटले असते.

शिरूर तालुक्यातल्या भीमाकाठच्या वडगाव रासाईसारख्या गावाकडून पाहिले तर हा वाद अधिक बोचतो. हा पट्टा उसाचा. पाणी आले तशी माणसे गावठाण सोडून शेतातल्या वस्त्यांवर राहायला गेली, आणि तालुक्यातल्या उसात आता बिबट्याही वावरतो. उजेडाची निकड त्यामुळे वस्तीच्या वाटेवर सर्वांत जास्त, तर अशा गावांत दिव्यांचे खांब बहुधा गावठाणातच दाट. उसाच्या बांधावरून रात्री घरी परतणारा माणूस हातात बॅटरी धरतो. तिचे सेल तो स्वतःच्या पैशाने आणतो.