ताडाखालचा वाघ

बारा वर्षांपूर्वी एका छोट्या लेखात मी एक वाक्य ठोकून दिले होते. स्वातंत्र्य मिळाल्यावर रिझर्व्ह बँकेच्या शिक्क्यावरचा ब्रिटिश सिंह गेला आणि त्याच्या जागी भारतीय वाघ आला, असे ते वाक्य. कुठेतरी कानावर आलेले होते, ऐकायला बरे वाटत होते, आणि पडताळून पाहण्याचा मी कंटाळा केला. लेख छापून आल्यावर मिरजेहून एका निवृत्त बँक कर्मचाऱ्याचे पोस्टकार्ड आले. मजकूर दोनच ओळींचा : वाघ १९३५ पासून आहे, बँकेचा इतिहास वाचावा. त्या गृहस्थांना आभाराचे पत्र लिहिले, पण चुकीची जाहीर दुरुस्ती राहून गेली. ती या लेखाच्या निमित्ताने करतो.

दुरुस्ती एका ओळीत संपली असती. पण १९७० साली प्रसिद्ध झालेला बँकेच्या इतिहासाचा पहिला खंड मिळवून वाचला तेव्हा लक्षात आले, की माझी चूक केवळ सालाची नव्हती. मी सगळी गोष्टच उलटी सांगितली होती. आणि एक नवा प्रश्न समोर उभा राहिला. १९३५ साली राज्य इंग्रजांचे, बँक काढणारे अधिकारी बहुतेक इंग्रज, सिंह त्यांच्या घरचा. मग त्यांनी आपलाच सिंह काढून वाघ का बसवला?

रिझर्व्ह बँकेचा कायदा १९३४ चा आणि बँकेचे काम सुरू झाले १ एप्रिल १९३५ रोजी. आज आपल्याला विसर पडला आहे, पण ही बँक आरंभी सरकारी मालकीची नव्हती. पाच कोटी रुपयांचे भागभांडवल शंभर-शंभर रुपयांच्या शेअरांत विभागलेले होते. शेअर सर्टिफिकिटावर उठवायला मोहर हवी, म्हणून शिक्क्याचा विषय बँक उघडण्याआधीच निघाला. तो कसा असावा याच्या अपेक्षा लेखी ठरल्या. बँकेचे सरकारशी नाते त्यातून दिसावे, पण फार जवळचे दिसू नये. काहीतरी भारतीय असावे. साधा, देखणा आणि मानचिन्हांच्या शास्त्राला धरून असावा. पत्रांच्या माथ्यावरही फारसा फेरफार न करता छापता यावा. मग जुनी नाणी, पदके, मोहरा यांची पाहणी झाली आणि पसंतीला उतरली ईस्ट इंडिया कंपनीची दुहेरी मोहोर.

हे नाणे ज्यांनी हाताळले असेल त्यांना त्याचा मोह समजेल. १८३५ सालचे, सोन्याचे, तीस रुपयांचे. एका बाजूला राजा चौथा विल्यम याचा मुखवटा. दुसऱ्या बाजूला ताडासारख्या झाडापुढून ऐटीत चाललेला सिंह, वर कंपनीचे नाव, खाली इंग्रजीत आणि फारसीत किंमत. रिझर्व्ह बँकेने हे चित्र बरोबर शंभर वर्षांनी उचलले. फरक एकच केला. सिंहाऐवजी वाघ घातला. कारण असे नोंदवले आहे, की वाघ हा भारताचा अधिक खास असा प्राणी मानला गेला.

एवढ्यावर समाधान मानायला हरकत नाही. पण इंग्रजांच्या चित्रभाषेत सिंह आणि वाघ यांचे जुने वैर होते, ते पाहिल्याशिवाय या अदलाबदलीचा अर्थ लागत नाही. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू मारला गेला. त्या विजयाचे पदक कंपनीने बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टाकसाळीत पाडून घेतले. त्यावर सिंहाने वाघाला खाली दाबून धरले आहे. सिंह म्हणजे ब्रिटन, वाघ म्हणजे म्हैसूर. टिपूचा वाघाचा सोस सर्वांना ठाऊक आहे : त्याच्या सिंहासनावर वाघ, शिपायांच्या अंगरख्यांवर वाघाचे पट्टे, आणि गोऱ्या माणसाच्या नरडीवर बसलेला तो यांत्रिक लाकडी वाघ, जो आता लंडनच्या संग्रहालयात आहे.

इथे एक गंमत सांगायला हवी. पदकावर सिंहाच्या वरच्या झेंड्यात अरबी अक्षरे आहेत. त्यांचा अर्थ ‘ईश्वराचा विजयी सिंह’ असा होतो. आणि हेच शब्द वाघाच्या तोंडाच्या आकारात गुंफून टिपू आपल्या शस्त्रांवर कोरवून घेत असे! म्हणजे टिपूचा वाघ अक्षरांत सिंह होता, आणि इंग्रजांनी तीच अक्षरे उचलून आपल्या सिंहाला दिली. चिन्हांचे अर्थ ठाम सांगणाऱ्यांनी हे पदक जरूर पाहावे.

पुढे १८५७ च्या ऑगस्टमध्ये ‘पंच’ साप्ताहिकात जॉन टेनिएलचे प्रसिद्ध चित्र आले. त्यात ब्रिटिश सिंह बंगाली वाघावर झेप घेतो आहे आणि वाघाच्या पंजाखाली एक गोरी स्त्री व मूल पडले आहे. आता वाघ म्हणजे एकटे म्हैसूर राहिले नव्हते. बंड करणारा सगळा हिंदुस्थान वाघ झाला होता. त्यानंतर तीस वर्षांनी याच जोडीचे निवळलेले रूप मुंबईत उभे राहिले. बोरीबंदर स्टेशनच्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या, फाटकावरच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ बसवला आहे. एक ब्रिटनचा, एक हिंदुस्थानचा. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या या इमारतीत रोज लाखो माणसे ये-जा करतात, पण वर मान करून त्या दोघांना वेगळे ओळखणारा विरळा. मी स्वतः दहा वर्षे तिथून उतरलो आणि दोन्ही सिंहच समजत होतो.

हे सगळे मनात ठेवून १९३५ कडे पाहिले की ती पहिली अपेक्षा बोलू लागते : नाते दिसावे, पण फार जवळचे नको. ताडाखालचा सिंह तसाच ठेवला असता तर ती मोहर राजसत्तेची वाटली असती. ज्या बँकेचे शेअर मुंबई, कलकत्ता, मद्रासच्या व्यापाऱ्यांना विकायचे होते, तिच्या सर्टिफिकिटावर ब्रिटिश सिंह सोयीचा नव्हता. नोंदवलेले कारण खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण वाघ भारताचा खास प्राणी हे इंग्रजांना १७९९ पासून ठाऊक होते. तोवर तो त्यांनी चित्रात आणला, तो पराभूत किंवा जोडीदार म्हणून. सिंहाशिवाय एकटा उभा राहणारा वाघ एका बड्या संस्थेच्या शिक्क्यावर येतो, ही मला मोठी घटना वाटते. कारकुनी चौकटीत, फारसा गाजावाजा न होता घडलेली. हा माझा निष्कर्ष आहे, बँकेच्या इतिहासाचा नव्हे.

निर्णय मोठा, पण अंमलबजावणीत फजिती झाली. घाई असल्यामुळे शिक्क्याचे काम मद्रासच्या एका कंपनीकडे दिले होते. २३ फेब्रुवारी १९३५ च्या बैठकीत संचालक मंडळाने नमुना मंजूर केला, मात्र जनावराचे रूप सुधारा असे सुचवले. तेवढा वेळ उरला नव्हता. डेप्युटी गव्हर्नर सर जेम्स टेलर यांना हे खटकत राहिले. कलकत्त्याच्या बेल्व्हेडियर या बंगल्याच्या फाटकावर वाघाचा पुतळा होता (पुढे याच वास्तूत राष्ट्रीय ग्रंथालय आले). त्याचा फोटो त्यांनी काढवून घेतला आणि सरकारी टाकसाळ व नाशिकचा सिक्युरिटी प्रेस यांच्याकडून नवी रेखाटने मागवली. सप्टेंबर १९३८ मध्ये, म्हणजे स्वतः गव्हर्नर झाल्यावरही, ते या वाघावर पत्र लिहीत होते. एकाचे झाड ठीक आहे, पण वाघ कुत्र्याच्या एखाद्या जातीसारखा दिसतो, आणि कुत्रा व झाड हे चित्र पाहून टवाळ लोक हसतील, अशी त्यांना धास्ती होती. दुसऱ्याचा वाघ चांगला उतरला होता, तर झाडाने घात केला : बुंधा फार उंच, फांद्या कोळ्याच्या पायांसारख्या.

अखेर नाशिकहून बरे नमुने आले. पण मूळ मोहर बदलायची नाही असेच ठरले. नवी रेखाटने नोटा, चेक, पत्रे आणि प्रकाशने यांच्यासाठी वापरली गेली. म्हणून काटेकोर बोलायचे तर बँकेची मोहर आणि बँकेचे बोधचिन्ह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाशिकरोडला ‘प्रेस’ म्हटले की अजून सगळ्या गावाला कळते. आपल्या खिशातल्या वाघाचा चेहरा घडवण्यात त्या प्रेसचाही हात आहे, हे मात्र तिथल्या फार थोड्यांना माहीत असावे.

हा वाघ आपल्याकडच्या माणसाला परका वाटला नसणार. सिंह आपण पाहतो तो देवीच्या वाहनात आणि किल्ल्यांच्या दरवाजांवर. दरवाजावरच्या शरभालाही गावकरी बिनदिक्कत वाघच म्हणतो. वाघाची गोष्ट निराळी. कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर वाघोबाची ठाणी आहेत, आणि दिवाळीच्या तोंडावर शहरात आपण वसुबारस करतो तेव्हा अकोल्यापासून जव्हारपर्यंतच्या आदिवासी पाड्यांवर वाघबारस असते. प्राणी मोहोरेवर बसवण्याची रीत मात्र मराठेशाहीची नव्हे. शिवाजी महाराजांच्या अष्टकोनी मुद्रेत केवळ अक्षरे आहेत. त्याआधीच्या राजवंशांत प्राणी दिसतात : चालुक्यांचा वराह, गोव्याच्या कदंबांचा सिंह, चोळांचा वाघ. टेलरसाहेबांच्या मंडळाला चोळांची आठवण होती असे मात्र त्या इतिहासात कुठे दिसत नाही. त्यांची नजर कंपनीच्या नाण्यावर होती.

पुढच्या काही वर्षांत एकच वाघ दोन विरुद्ध छावण्यांत दिसू लागला. इकडे तो इंग्रज सरकारच्या नोटा काढणाऱ्या बँकेचा होता. तिकडे जर्मनीत सुभाषबाबूंच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या पलटणीच्या बाहीवर, तिरंग्यावरून झेप घेत होता. १९४३ मध्ये चिंतामणराव देशमुख गव्हर्नर झाले, त्या पदावरचे पहिले भारतीय. १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले. शिक्क्याला कोणी हात लावला नाही. लावायचे कारणही नव्हते, त्यावरून काढून टाकण्यासारखे परके असे कोणी दिसत नव्हते. जून १९४८ पर्यंत हीच बँक पाकिस्तानचेही काम पाहत होती, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

नोटेवरून जायचे होते ते राजाचे चित्र. त्या जागी प्रथम गांधीजींचे चित्र घ्यावे असा विचार होता. शेवटी एकमत झाले ते सारनाथच्या सिंहशीर्षावर. एफ. ओ. अर्टेल यांच्या १९०४-०५ च्या उत्खननात सापडलेले हे शीर्ष २६ जानेवारी १९५० पासून आपले राजचिन्ह आहे. म्हणजे माझे ते जुने वाक्य बरोबर उलटे करून वाचावे लागते. वाघ इंग्रजांच्या काळात आला, आणि स्वातंत्र्याबरोबर आला तो सिंह. हा सिंह कंपनीचा नव्हता, अशोकाचा होता. प्राणी तोच, वंशावळ निराळी. चिन्हात काय काढले आहे याइतकेच ते कुठून उचलले आहे हेही पाहावे लागते, हे मला इथे शिकायला मिळाले. पुढे १९६९ मध्ये सिंह राष्ट्रीय प्राणी ठरला आणि १९७२ मध्ये तो मान वाघाकडे गेला. व्याघ्र प्रकल्प १ एप्रिल १९७३ रोजी सुरू झाला. बँकेचाही वाढदिवस तोच, पण त्या योगायोगात मी काही शोधत नाही. आज आपल्या नोटेवर अशोकस्तंभाचे सिंह आणि बँकेचा वाघ शेजारीशेजारी नांदतात.

राहिले झाड. मोहोरेवरच्या सिंहाचे आणि ताडाचे मूळ चित्र जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराच्या रेखाटनावरून घेतले, असे नाण्यांच्या सूचींत सांगितलेले असते. फ्लॅक्समन हिंदुस्थानात कधी आला नव्हता. युरोपच्या चित्रकाराला पूर्व दाखवायची की असले झाड काढायचे, ही सवय फार जुनी. रोमन सम्राट व्हेस्पेशियनने यहुद्यांचा देश जिंकल्यावर पाडलेल्या नाण्यांवर असेच झाड आहे आणि त्याखाली शोक करत बसलेली स्त्री. जिंकलेल्या पूर्वेची ती खूण होती. वाघ भारतीय आहे की नाही याचा १९३५ साली विचार झाला, म्हणून सिंह गेला. झाड आहे तिथेच राहिले. माझा एक रत्नागिरीचा मित्र नोट भिंगाखाली धरून म्हणाला, हा माड नव्हे, ताडही धड नव्हे, शिंदी म्हणावी तर तसेही नाही. टेलरसाहेबांनी झाड बुटके करा, भक्कम करा असे बजावले होते. ते कोणते झाड, याचा उल्लेख त्यांच्या पत्राच्या उताऱ्यात मला सापडला नाही.