'टॉक्सिक'मधील व्हायोलिन कोणाचे?

१/८
२००५ साली 'सर्वोत्कृष्ट नृत्य-ध्वनिमुद्रण' या विभागाचा ग्रॅमी पुरस्कार ब्रिटनी स्पीअर्सच्या 'टॉक्सिक'ला मिळाला. त्या गाण्याची ओळख ठरलेले चढ्या स्वरातील व्हायोलिन मात्र वीसहून अधिक वर्षांपूर्वी एका हिंदी चित्रपटासाठी वाजले होते.

२/८
चित्रपट 'एक दूजे के लिए' (१९८१). गीत 'तेरे मेरे बीच में'. स्वर लता मंगेशकर व एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचे, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे. या जोडीतील लक्ष्मीकांत शांताराम कुडाळकर हे मूळचे मेंडोलिनवादक.

३/८
'ब्लडशाय अँड अव्हांट' या स्वीडिश निर्मातेद्वयाने त्या गीताच्या वाद्यवृंदातील तुकडे कापले, नव्याने जोडले आणि त्यांखाली इलेक्ट्रॉनिक ठेका घातला. यालाच सॅम्पलिंग म्हणतात. येथे चाल पुन्हा वाजवली जात नाही. मूळ ध्वनिमुद्रणच उचलले जाते.

४/८
म्हणूनच सॅम्पलिंगमध्ये दोन हक्कांचा प्रश्न येतो: एक संगीतरचनेचा, दुसरा ध्वनिमुद्रणाचा. परवानगी दोन्हींची लागते. पण चित्रपटगीताच्या बाबतीत हे हक्क असतात कोणाकडे?

५/८
१९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, मोबदला देऊन चित्रपटासाठी करवून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक निर्माता होय. करारात वेगळे ठरले असेल तरच अपवाद. 'एक दूजे के लिए' आला तो या निर्णयानंतर चार वर्षांनी.

६/८
२०१२ च्या दुरुस्तीने चित्र पालटले. चित्रपटगृहाबाहेरील वापरासाठी रॉयल्टीचा समान वाटा घेण्याचा संगीतकार-गीतकारांचा हक्क आता निर्मात्याला लिहून देता येत नाही. लक्ष्मीकांत १९९८ सालीच निवर्तले होते. ही दुरुस्ती त्यांनी पाहिली नाही, 'टॉक्सिक'ही ऐकले नाही.

७/८
वादकांचे काय? हिंदी चित्रपटसंगीताच्या व्हायोलिन-विभागात गोमंतकीय वादकांचा मोठा भरणा होता. प्यारेलाल यांचे गुरू अँथनी गोन्साल्विस हेही गोव्याचेच. तबकड्यांच्या वेष्टनांवर गायक-संगीतकारांची नावे छापली जात. वाद्यवृंदातील वादकांची क्वचितच. सॅम्पलमध्ये मात्र ऐकू येतो तो त्यांच्याच गजाचा आवाज.

८/८
बुटीबोरीत निघालेल्या वरातीत डीजेने जुने चित्रपटगीत वाजवले, तर कायद्याने तो हक्कभंग नव्हे. लग्नाच्या वरातीला कलम ५२ मध्ये सूट आहे. त्याच गीताचा तुकडा कापून नवे ध्वनिमुद्रण विक्रीस आणले, तर ती सूट संपते आणि परवानगी घ्यावी लागते. परवानगीच्या कागदावर मालकाचे नाव येते. ज्याचा गज तारेवरून फिरला, त्याचे नाव मुळातच नोंदले गेले नसेल, तर इतिहासालाही ते सहजी सापडत नाही.