मेंढीच्या पेशींनी ओळखलेला ताप

 कोविडच्या साथीत 'अँटीबॉडी', म्हणजे प्रतिपिंड, हा शब्द घरोघरी पोचला. पण रक्तातल्या प्रतिपिंडांवरून आजार ओळखण्याची रीत बरीच जुनी. त्यातली मोनोन्यूक्लिओसिसची चाचणी तर भलतंच काही शोधताना हाती लागली.

ताप, सुजलेला घसा, मानेत गाठी. एमिल फायफर यांनी 1889 साली जर्मनीत या ग्रंथिज्वराचं वर्णन केलं. 1920 मध्ये अमेरिकेत स्प्रंट आणि इव्हान्स यांनी त्याला मोनोन्यूक्लिओसिस, थोडक्यात मोनो, हे आजचं नाव दिलं. 1932 साली येल विद्यापीठात जॉन पॉल आणि वॉल्स बनेल सांध्यांच्या तापावर काम करत होते. घोड्याचं सीरम टोचून आजारी पडलेल्यांच्या रक्तात मेंढीच्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या करणारी प्रतिपिंडं सापडत. सांध्यांच्या तापातही तसंच होतं का, हे ते पाहत होते. तुलनेला घेतलेल्या मोनोच्या रुग्णांचं सीरम मात्र कितीतरी पट पातळ करूनही गुठळ्या होतच राहिल्या.

पण अशा गुठळ्या इतर कारणांनीही होतात. त्या वेगळ्या काढायची युक्ती डेव्हिडसन यांनी 1937 मध्ये बसवली. पुढे मेंढीऐवजी घोड्याच्या पेशी आल्या. काचपट्टीवर सीरम दोन जागी ठेवायचं. एकात गिनीपिगच्या मूत्रपिंडाचा अर्क मिसळायचा, दुसऱ्यात गाईच्या तांबड्या पेशींचा. मग घोड्याच्या पेशी घालायच्या. पहिल्या बाजूला गुठळ्या जास्त ठळक आल्या, तर मोनो.

खरा विषाणू 1964 मध्ये एप्स्टीन, अचोंग आणि बार यांना युगांडातल्या मुलांच्या ट्यूमरमध्ये दिसला. तोच मोनोचा कर्ता, हे फिलाडेल्फियात कळलं. हेन्ले दांपत्याच्या प्रयोगशाळेतल्या एका तंत्रज्ञ तरुणीला 1967 मध्ये मोनो झाला, आणि तिच्या रक्तात आधी नसलेली या विषाणूची प्रतिपिंडं उमटली. आज या विषाणूविरुद्धच्या प्रतिपिंडांपैकी 'व्हीसीए आयजीएम' सहसा ताजा संसर्ग सांगते; 'ईबीएनए आयजीजी' काही महिन्यांनी येते, म्हणून ती जुना.

आपल्याकडे बहुतेकांना हा विषाणू लहानपणीच गाठतो. गुठळ्यांची चाचणी लहान मुलांत आणि पहिल्या आठवड्यात अनेकदा निगेटिव्ह येते. म्हणून रिपोर्ट हाती आला की आधी रुग्णाचं वय आणि तापाचा कितवा दिवस ते पाहावं. नुसत्या निगेटिव्हवर निश्चिंत होऊ नये.