चाकाखालचीं मुलें

एकोणिसाव्या शतकांत जर्मनीच्या वुर्टेंबेर्ग राज्यांत ‘लांडएक्झामेन’ या परीक्षेचा मोठा दबदबा होता. तींत जो मुलगा निवडला जाई, त्यास सरकारी खर्चानें धर्मविद्यालयांत शिक्षण मिळे व पुढें ट्यूबिंगेन विद्यापीठाची वाट मोकळी होई. बेताच्या स्थितींतील आईबापांस हा केवढा आधार! हेर्मान हेस्से १८९१ सालीं या परीक्षेंत उत्तीर्ण होऊन माउलब्रोनच्या जुन्या मठांतील विद्यालयांत दाखल झाला. परंतु १८९२ च्या मार्च महिन्यांत हा चौदा वर्षांचा विद्यार्थी तेथून पळाला. थंडीची एक रात्र त्यानें उघड्यावर काढली.

पुढें १९०६ सालीं त्याची ‘चाकाखालीं’ या अर्थाच्या नांवाची कादंबरी ग्रंथरूपानें निघाली. तींतील हान्स परीक्षेंत दुसरा येतो, अभ्यासाच्या ओझ्याखालीं झिजत जातो व अखेरीस नदींत मृत आढळतो. त्याचा बंडखोर मित्र हाइल्नर पळतो, शाळेंतून काढला जातो, पण जगतो. या दोघांतही लेखक स्वतःच वांटला गेला आहे, असें आम्हांस वाटतें.

विशेष हें कीं, या कथेंत उघड दुष्ट असा कोणी नाहीं. बाप, गुरुजी, पाद्री सारे हान्सचें कल्याणच चिंतितात. केवळ त्याची मासे धरण्याची हौस तेवढी हिरावून घेतात.

हेस्सेस १९४६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, म्हणून पळून जाणें शहाणपणाचें ठरत नाहीं. पण निकालाच्या दिवशीं आपण मुलास प्रथम ‘गुण किती?’ असें विचारतों. त्याआधीं ‘जेवलास का?’ असें विचारण्यास काय हरकत आहे?