मुद्रिका ते स्मार्ट कार्ड : दूरच्या संगणकाला पटलेली ओळख

२४ मार्च २०२०च्या मध्यरात्री देशभर टाळेबंदी लागू झाली आणि बेंगळुरूच्या बेळ्ळंदूर परिसरातील, बाह्य वर्तुळाकार रस्त्यालगतची आयटी पार्क ओस पडली. माणसे घरी गेली. संगणक मात्र चालूच राहिले. दूरसंचार विभागाने त्यापूर्वीच, १३ मार्चला, घरून काम करण्यावरच्या अटी शिथिल केल्या होत्या. कोल्हापूर किंवा लातूरच्या घरी परतलेला अभियंता आता शेकडो किलोमीटर दूरच्या संगणकावर काम करू लागला. आज्ञावली तिकडे चालते, पडद्याचे चित्र तेवढे इकडे उमटते. यालाच दूरस्थ सत्र म्हणतात. प्रश्न एवढाच, की कळफलकापाशी बसलेला माणूस तोच आहे, हे त्या दूरच्या संगणकाने ओळखायचे कसे?

प्रश्न जुना आहे. अशोकवनात सीतेला हनुमंताची खात्री पटली ती रामाच्या मुद्रिकेमुळे. पण ती मुद्रिका समुद्र ओलांडून न्यावी लागली. आणि मुद्रिका हरवली तर काय होते, हे शकुंतलेच्या कथेने आपल्याला सांगितलेच आहे. जी खूण प्रवास करते ती वाटेत हरवू शकते, चोरीला जाऊ शकते. परवलीच्या शब्दाचे दुखणे हेच आहे. सिद्ध करण्यासाठी तो उच्चारावा लागतो, आणि ज्याने तो ऐकला तो त्याचा मालक होतो.

योगायोग असा, की स्मार्ट कार्डाच्या इतिहासातही एक अंगठी आहे. १९६८ साली हेल्मुट ग्रॉट्रुप आणि युर्गेन डेथलॉफ या जर्मन संशोधकांनी ओळखपत्रात एकात्मिक परिपथ बसवण्याच्या कल्पनेसाठी एकस्वाचा अर्ज केला होता. फ्रान्सच्या रोलां मोरेनो यांनी १९७४ साली आपले एकस्व नोंदवले, तेव्हा प्रथम त्यांच्या मनात होती ती चिप बसवलेली अंगठीच. पुढे तिचे कार्ड झाले. मात्र ते माहिती साठवणारे होते, विचार करणारे नव्हते. ती उणीव मिशेल युगों यांनी भरून काढली. १९७९मध्ये त्यांच्या बुल कंपनीने मोटोरोलाच्या साहाय्याने सूक्ष्मप्रक्रियक असलेले कार्ड घडवले. तिजोरीतच एक लहानसा कारकून बसवावा, तसे हे झाले.

त्या कारकुनाला काम दिले गणिताने. १९७६ साली डिफी आणि हेलमन यांनी किल्ल्यांच्या जोडीची कल्पना मांडली: एक किल्ली सर्वांना ठाऊक, दुसरी फक्त मालकाची. १९७७मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी ती प्रत्यक्षात आणणारी पद्धत दिली. आता ओळख पटवण्यासाठी गुपित सांगण्याची गरज उरली नाही. सर्व्हर एक नवीन आव्हान पाठवतो. चिप आपल्या खासगी किल्लीने त्यावर स्वाक्षरी करते. सर्व्हर ती सार्वजनिक किल्लीने ताडून पाहतो. उत्तर त्या आव्हानापुरतेच खरे असते, पुढच्या वेळी निरुपयोगी. खासगी किल्ली चिपबाहेर कधीच येत नाही. मुद्रिका बोटातच राहते, पलीकडे पोहोचतो तो फक्त तिचा ताजा ठसा.

विंडोज २०००मध्ये अशा कार्डाने कार्यालयीन जाळ्यात प्रवेश करण्याची सोय आली. पण तीत एक गृहीत होते: कार्ड, वाचक आणि संगणक एकाच टेबलावर आहेत. दूरस्थ सत्राने ते गृहीत मोडले. आज्ञावली दूरच्या यंत्रात चालते आणि तिथेच कार्डाचा वाचक शोधते; कार्ड तर घरी. २००१च्या विंडोज एक्सपीत आणि २००३च्या विंडोज सर्व्हरमध्ये यावर उपाय आला. दूरच्या यंत्राला एक आभासी वाचक दाखवायचा आणि कार्डाला दिलेला प्रत्येक आदेश सांकेतिक वाहिनीतून घरच्या खऱ्या वाचकापर्यंत आणायचा. चिपचे उत्तर त्याच वाटेने परत जाते.

या सोयीची किंमत वेळेत मोजावी लागते. कार्ड एका दमात सगळे सांगत नाही. आदेश, उत्तर, पुन्हा आदेश, अशी त्याची रीत. समजा प्रवेशासाठी पन्नास फेऱ्या लागल्या आणि प्रत्येक फेरीला एक दशांश सेकंद लागला, तर पाच सेकंद केवळ ये-जा करण्यात जातात. टेबलावर जे क्षणात होते, ते दूर अंतरावर रेंगाळते. त्यामुळे पुढच्या रचनांमध्ये या फेऱ्या कमी करण्यावर भर राहिला.

हा इतिहास परदेशी कार्यालयांपुरता नाही. १७ ऑक्टोबर २००० रोजी माहिती तंत्रज्ञान कायदा अमलात आला आणि भारतात अंकीय स्वाक्षरीला कायद्याचे बळ मिळाले. २००६पासून कंपन्यांची कागदपत्रे तिच्या आधारे दाखल होऊ लागली. १ मे २०१८ रोजी महाराष्ट्रात अंकीय स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. तलाठ्याच्या हाती दिसणारे डोंगल म्हणजे एकाच कवचात बसवलेले स्मार्ट कार्ड आणि त्याचा वाचक. बेळ्ळंदूरच्या अभियंत्याचे कार्ड आणि शेतकऱ्याच्या जमिनीच्या उताऱ्यावरची स्वाक्षरी, दोहोंमागे तत्त्व एकच.

म्हणूनच या तत्त्वाची मर्यादाही समजून घ्यायला हवी. २०१२च्या जानेवारीत साइकिपॉट या घातक आज्ञावलीचा एक नवा प्रकार उघडकीस आला. अमेरिकी संरक्षण खात्याची कार्डे हे त्याचे लक्ष्य होते. त्याने चिप फोडली नाही, किल्लीही चोरली नाही. कळफलकावर टाइप होणारा पिन टिपला आणि कार्ड वाचकात असेपर्यंत मालकाच्या नकळत तेच वापरले. गणित अभेद्य राहिले, तरी दार उघडले गेले.

चिप सिद्ध करते ती कार्डाची हजेरी. माणसाची इच्छा नव्हे. काम संपल्यावरही वाचकात राहिलेले कार्ड किंवा पिनसह दुसऱ्याच्या हाती सोपवलेले डोंगल हे कोऱ्या कागदावर केलेल्या सहीसारखेच असते. त्या सहीखाली पुढे कोणता मजकूर लिहिला जाईल, हे चिपला कळत नाही. पन्नास वर्षांच्या संशोधनाने किल्लीला प्रवासाच्या धोक्यातून सोडवले. कार्ड काढून खिशात ठेवण्याचे काम मात्र अजून आपल्याकडेच आहे.