उष्णतेवरून माणसाची चाहूल : एका संवेदकाची कुळकथा
विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने 1800 साली सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्याला काहीच दिसत नाही तेथे, तापमापक ठेवला आणि पारा चढलेला पाहून अवरक्त, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या उष्ण किरणांचे अस्तित्व ओळखले. दृष्टिबाधितांना जवळच्या माणसांची चाहूल देणाऱ्या, अंगावर वागवायच्या उष्णता-संवेदकांचे कुळ येथवर मागे नेता येते.

मात्र या कुळाचा खरा मूळपुरुष थर्मोपाइल हाच मानला पाहिजे. दोन भिन्न धातूंच्या सांध्यांच्या तापमानात फरक पडला की वीजप्रवाह उत्पन्न होतो, हे सीबेकने 1821 मध्ये दाखवले होते. नोबिली व मेल्लोनी या इटालियन संशोधकांनी बिस्मथ आणि अँटिमनीचे असे अनेक सांधे एकापुढे एक जोडून सुमारे 10 मीटरांवरील माणसाच्या अंगाची ऊब टिपणारे हे उपकरण 1830 च्या दशकात सिद्ध केले. लँग्लीचा 1880 च्या सुमाराचा बोलोमीटर, म्हणजे उष्णतेने तारेचा विद्युतरोध किती बदलला यावरून किरण मोजणारे यंत्र, पाव मैलावरची गायदेखील ओळखी असे सांगतात. वास्तविक ते सूर्याच्या अभ्यासासाठी बनले होते.

माणसाची ऊब पुढे कामी आली ती पहारेकऱ्यांच्या आणि सैन्याच्या; अंधांची आठवण बऱ्याच उशिरा झाली. चोर पकडणाऱ्या घंटांतील पायरोइलेक्ट्रिक संवेदक, म्हणजे तापमान बदलताच विद्युतभार दाखवणारा स्फटिक, फक्त बदल टिपतो. त्यामुळे स्वस्थ बसलेला माणूस त्याच्या नजरेतून सुटतो आणि तोच संवेदक चालत्या माणसाच्या अंगावर बांधला तर भोवतालची प्रत्येक वस्तू त्याला हलती भासते. ही अडचण सूक्ष्म बोलोमीटरांच्या जाळीने दूर केली. अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर हनीवेल कंपनीने विकसित केलेले आणि 1992 पर्यंत गुप्त राखलेले हे तंत्र शीतकरणावाचून चालते, म्हणून त्यावर आधारलेला कॅमेरा पुढे चष्म्यावर मावण्याइतका लहान होऊ शकला.

आर्गस-2 या 60 विद्युताग्रांच्या कृत्रिम दृष्टिपटलाला असा कॅमेरा जोडून अमेरिकेत प्रयोग झाले. इतक्या थोड्या ठिपक्यांत साध्या कॅमेऱ्याचे चित्र खुर्ची, पडदा आणि माणूस यांची सरमिसळ करते, तर उष्णतेच्या चित्रात बहुधा माणूसच उजळतो; पांढऱ्या काठीला हा भेद करता येत नाही.

तथापि हे ज्ञान फरकावर अवलंबून आहे. त्वचेचे तापमान सुमारे 33 अंश सेल्सिअस असते, आणि थंड देशांतल्या भिंती त्याहून बऱ्याच गार असल्याने तेथे माणूस ठळक दिसतो. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी पारा 45 अंशांकडे जातो तेव्हा तापलेल्या भिंतीपुढे माणूसच गार ठरतो, म्हणून ‘अधिक ऊन ते माणूस’ असा नियम घातलेले यंत्र तेथे उलटे बोलेल. आणि भिंत निवत निवत त्वचेइतकीच होईल तेव्हा फरक मोजणाऱ्या यंत्रालाही तिच्यापुढे उभा असलेला माणूस वेगळा काढता येणार नाही.