फ्रेमच्या मागच्या बाजूला

धरमतरच्या धक्क्यावर पाय सांभाळून उतरा. ओहोटी आहे आणि कडेचा चिखल घोट्याच्या वर येतो. साल १९००. मुंबईहून आलेल्या आगबोटीतून तुमच्याबरोबर एक कारकून उतरलाय. त्याच्या काखेत मेणकापडात बांधलेली कागदाची सुरळी आहे. आत लक्ष्मी आहे, राजा रविवर्म्याची. त्याने १८९४ मध्ये गिरगावात काढलेला छापखाना आता घाट चढून मळवलीला गेलाय. दगडावरून एकेक रंग उठवत छापलेली ही चित्रं कोकणातल्या घराघरांत शिरू लागली आहेत.

बैलगाडीत कारकुनाशेजारी बसा. दोन्ही बाजूंना मिठागरं, पुढे पेण. त्याच्या घरात शिरल्यावर चित्र भिंतीवर जात नाही, आधी माजघरात त्याच्या आत्याच्या मांडीवर जातं. तुम्हीही पाट ओढून बसा, कारण पाहण्यासारखं आता सुरू होतंय.

आत्या जीर्ण शालूची जर उसवून ठेवते. लक्ष्मीच्या लुगड्याच्या आकाराचं कापड कातरून ते खळीने चिकटवते. मग काठावरून जर, गळ्यात बारीक मोती, मुकुटाला टिकल्या. चेहरा, हात आणि पावलं यांना मात्र कशाचाच स्पर्श नाही, ती छापली तशीच राहतात. सुई कागदातून जाते, आणि कापडात चुकलेला टाका उसवता येतो तसं इथे नाही. पडलेलं भोक पडलंच. म्हणून प्रत्येक टाक्याआधी आत्या कागद उजेडाला धरते. आठवडा जातो, काचेची चौकट होते, आणि लक्ष्मी देवघरावर चढते.

चढण्याआधी तुम्ही चौकट हातात घेता. पुढे चित्राखाली छापखान्याचं नाव आहे. उलटी करता. मागे कोरी फळी.

“आत्याबाई, कोपऱ्यात तुमचं नाव घाला की.”

“अगोबाई! लक्ष्मीच्या तसबिरीवर माझं नाव? लोक काय म्हणतील!”

ती हसत सुटते. तुम्ही तीस-पस्तीस वर्षं पुढे निघा.

पेणमध्येच राहा, लग्नाच्या मांडवात. गॅसबत्तीची फरफर चाललीय. अक्षतांबरोबर तुमच्या हातात गुलाबी कागद येतो, छापील मंगलाष्टकं. नवरीच्या मामांनी रचलेली. दोन्ही घराण्यांची नावं, कुलदैवतं आणि नवऱ्यामुलाची मॅट्रिकची परीक्षासुद्धा त्यांनी शार्दूलविक्रीडितात कोंबली आहे. दोन ठिकाणी गण बिघडलेत, पण ‘सावधान’च्या गजरात ते कोणाला कळणार! यातली एक प्रत काचेखाली जाईल आणि पुढची पन्नास वर्षं ओटीवरच्या भिंतीवर राहील. नावं घालून करून घेतलेली भेट आपल्याकडे बाहेरून आली असं ज्यांना वाटतं त्यांनी हा कागद नीट पाहावा.

कागदाच्या तळाशी मामांचं नाव आहे, मुद्रणालयाचंही. आता पलीकडे रुखवत मांडलंय तिकडे चला. घोटीव कागदाचे गुलाब, कातरलेली जाळी, कागदाच्या वेली. नवरीच्या मैत्रिणींनी रात्र-रात्र जागून केलेलं हे काम वरातीनंतर कुठे जाईल हे विचारू नका. त्यावर कोणाचं नाव नाही.

कुंडलिकेकाठी रोह्याला पोचेपर्यंत १९४५ उजाडलंय. वाण्याच्या दुकानात तुम्ही पुढे केलेली नोट तो उजेडाला धरून बघतो. तिच्यावर इथल्याच एका घराची सही आहे. रोह्याच्या देशमुखांचे चिंतामणराव १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. कागदाच्या तुकड्याला सहीने किंमत येते हे या गावाला वेगळं सांगायला नको. नोट सुटी करून घ्या आणि पुढे सरका.

मधली वर्षं भरभर जातात. १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचा रायगड होतो, १९८६ मध्ये रेल्वे रोह्यापर्यंत येते. आज तुम्ही दिव्याहून सुटलेल्या रोहा गाडीत आहात. जून सरत आलाय. पेणला अर्धा डबा रिकामा होतो. हमरापूर, जोहे, कळवे इथल्या कारखान्यांत मूर्तींच्या रांगा लागल्या आहेत. परदेशी जायच्या मूर्ती केव्हाच बोटीवर चढल्यात. काही ठिकाणी कागदाच्या लगद्याचे गणपती घडताहेत. डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराचा मान मोठा, तो कामाला बसला की कारखान्यात आवाज खाली येतो. पण मूर्ती घरी आणणाऱ्याला त्याचं नाव विचारून बघा. कासू, नागोठणे, मग रोहा. उतरा.

एका गृहिणीच्या जेवणाच्या टेबलावर कागदी पट्ट्यांचे जुडगे पडलेत, तीन आणि पाच मिलिमीटर रुंदीचे. बारशाच्या फ्रेमची ऑर्डर आहे. ती तुमच्या हातात क्विलिंगची सुई देते, टोकाला चीर असलेली. पट्टीचं टोक चिरेत अडकवा, फिरवा, आणि गुंडाळी हलकेच सोडा. सैल होऊ द्या, घाई करू नका. पुरेशी उलगडली की टोकाला फेविकॉलचा ठिपका. एका बाजूने चिमटा काढलात तर पाकळी, दोन्ही बाजूंनी काढलात तर पान.

बोटांना ही लय सापडली की क्षणभर लंडनला जाऊन या, १७९१ सालात. तिथे हेच काम हंसाच्या पिसाच्या देठावर पट्टी गुंडाळून करत आले आहेत. त्याआधी युरोपातल्या मठांत जोगिणी सोनेरी कडांच्या पट्ट्यांनी सोन्याच्या तारकामाची नक्कल करत. आणि लंडनमध्ये राजकन्या एलिझाबेथसाठी फर्निचरवाल्याने पाठवलेल्या मालाच्या हिशेबात १५ औंस रंगीत कागद आणि १ औंस सोनेरी कागद मांडलेला आहे. हौस करणारी राजाची मुलगी होती म्हणून कागदाचं वजनही टिकलं.

परत या, कारण खरी कसोटी रोह्यातच आहे. बाळाचं नाव देवनागरीत हवंय. पट्टी आडवी न चिकटवता तिच्या धारेवर उभी करायची आणि अक्षराच्या वळणाने वाकवायची. शिरोरेषेचं इथे फार सुख: एक सरळ पट्टी उभी केली की सगळी अक्षरं तिला टेकतात. इंग्रजी अक्षरं सुटी-सुटी सरकत राहतात, ही सरकत नाहीत. वेलांटी तर क्विलिंगसाठीच जन्मलेली. घोडं अडतं जोडाक्षरांपाशी. ‘ज्ञ’ उभा करताना टाचण्यांची रांग लागते. हल्ली जोडाक्षरांच्या नावांची हौस वाढलीय, पण नाव ठेवताना आईबाप क्विलिंगवालीला थोडेच विचारतात!

दुसरा शत्रू पाऊस. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात कागद हवेतलं पाणी पितो, गुंडाळ्या फुगतात, फेविकॉल वाळायला दुप्पट वेळ घेतो. म्हणून काच कागदाला टेकणार नाही अशी खोल फ्रेम लागते, मागचे सगळे सांधे टेपने बंद करावे लागतात. घरी नेल्यावर ती ओल धरणाऱ्या भिंतीवर लावू नका, उन्हासमोरही नको. कसर आणि ऊन, दोघंही कागद खातात.

किंमत ऐकून “कागदच तर आहे ना?” असं मात्र म्हणू नका. हे वाक्य तिने इतक्यांदा ऐकलंय की आता ती आधीच कमी सांगते. तिच्या हिशेबात पट्ट्या असतात, काच असते, चौकट असते. संध्याकाळी बसून मोडलेली कंबर त्यात नसते. घासाघीस करण्यासारखं त्यात काही उरलेलंच नाही.

फ्रेम तयार झाली. समोर बाळाचं नाव, जन्मवेळ, वजन, आईबाबा. उलटी करा. कोरा पुठ्ठा.

“तुमचं नाव?”

“अहो, माझं कशाला?”

तिचं ऐकू नका. पैसे देण्याआधी पेन्सिल पुढे करा. शाई नको, ओलाव्याने फुटते. मागच्या पुठ्ठ्यावर तिच्याच हाताने तिचं नाव, गाव आणि साल लिहून घ्या. आणि आजीच्या घरात जरीची लक्ष्मी अजून असेल, तर ती कोणी भरली हे घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला येत्या सुट्टीत विचारा.